मुलं आपल्या हवाली असतात तेव्हा

भोसरी, चिखली, थेरगाव, रुपीनगर किंवा चाकणलगतच्या खराबवाडी-नाणेकरवाडीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास घराघरांत डोकावलं, तर बरीचशी मुलं घरात सापडत नाहीत. आई सेकंड शिफ्टला गेलेली असते, वडील फर्स्ट शिफ्ट करून ओव्हरटाइमला थांबलेले असतात. थोरला कराटेच्या क्लासला, मधली नाचाच्या वर्गाला, धाकटं समोरच्या काकूंच्या पाळणाघरात. गणपती जवळ आले की ढोल-ताशाचा सराव, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिर, आषाढात दिंडी, मध्येच एखाद्या रविवारी किल्ल्याची सहल. शाळा सुटल्यापासून आईबापांपैकी कुणीतरी घराचं कुलूप उघडेपर्यंतचे हे तास समाज सांभाळतो. मंडळ, तालीम, अभ्यासिका, संस्कारवर्ग, क्रीडा अकादमी, सोसायटीची कमिटी, असे अनेक हात त्यात असतात. शाळेतल्या सुरक्षेवर शासन निर्णय निघतात, घरातल्या संगोपनावर पुस्तकांची कपाटं भरली आहेत. या मधल्या तासांबद्दल मराठीत सलग असं फार थोडं लिहिलं गेलं आहे. हे पुस्तक त्या तासांबद्दल आहे, आणि ते याच पट्ट्यात मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी लिहिलं आहे, याचं मला मोल वाटतं.

पिंपरी-चिंचवडची घडणच अशी की इथे हा प्रश्न लवकर आणि तीव्रतेने उभा राहिला. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, १९७२ साली प्राधिकरण स्थापन झालं, १९८२ साली महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती, आणि तोवर कारखाने चाकणकडे सरकून तिथे नवी वस्ती उभी राहत होती. कामगार आला लातूर, बीड, धाराशिव, जळगावहून. पुढे बिहार, उत्तर प्रदेशातूनही. आजी-आजोबा मात्र गावीच राहिले. गावात मूल वाट चुकलं तर 'हा अमक्याचा नातू' म्हणून कुणीतरी बोट धरून घरी पोचवायचं. इथे चाळीतला शेजारी अकरा महिन्यांच्या करारावर बदलतो. आजी-आजोबांची आणि गावाची ती रिकामी जागा मंडळांनी, वर्गांनी, शिबिरांनी भरली. भरली हे चांगलंच झालं. पण गावातल्या त्या बोट धरणाऱ्याला साऱ्या गावाचे डोळे बांधून ठेवत असत. इथल्या शिबिराच्या 'सरां'ना काय बांधून ठेवतं, हे विचारायचं राहून गेलं.

मुलांची सुरक्षितता म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात एक तर अपघात येतो नाही तर लैंगिक अत्याचार. दोन्हींचे तज्ज्ञ वेगळे, कायदे वेगळे, वृत्तपत्रांतली पानंसुद्धा वेगळी. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र ही दोन्ही एकाच ढिसाळपणातून शिरतात. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी रंगमंचामागच्या खोलीत जाऊन पाहा. एका पडद्याआड चाळीस मुलं पोशाख बदलत असतात. मेकअपवाला, लाइटवाला, फोटोग्राफर, कुणाचा तरी मामा, सगळे येत-जात असतात. दाराशी कुणी नसतं, आत किती मुलं आहेत याची यादी नसते, आणि बाहेर पडायच्या दुसऱ्या दाराला खुर्च्यांची चळत लावलेली असते. त्या खोलीत आग लागली तरी धोका आहे आणि वाईट हेतूचा माणूस शिरला तरी धोका आहे. त्यात तिसरी एक गोष्ट मिळवा, जिला आपण धोका मानतच नाही: शिस्तीच्या नावाखाली मारणं, चारचौघांत अपमान करणं, तापात असलेल्या पोराला 'आज रंगीत तालीम आहे' म्हणून उभं करणं. या तिन्हींचा विचार पुस्तकाने एकत्र केला आहे, आणि मला तीच त्याची खरी भर वाटते.

मुलांना घरा-शाळेबाहेर एकत्र आणण्याची महाराष्ट्राची परंपरा मोठी आणि अभिमानाची आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला बालवाडी अंगणात नेली. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली आणि शाखेवर खेळ, गाणी, श्रमदान आलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढून मुलांसाठी नाटक उभं केलं. पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवनातून मुलांना मोकळं खेळू देण्याला प्रतिष्ठा दिली. निगडीत ज्ञान प्रबोधिनीचं काम रुजलं. बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी तारा मोबाइल क्रेशेस आणि डोअर स्टेप स्कूल यांसारख्या संस्था पुणे-पिंपरीत वर्षानुवर्षं उभ्या आहेत. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि कीर्तनकारांच्या पिढ्या घडवल्या. या साऱ्यांच्या मुळाशी एक श्रद्धा होती: माणूस चांगला असला की मुलं सुखरूप राहतात. संस्थापकांच्या पिढीत ती बहुतेक खरीही ठरली, कारण ते स्वतः तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत हजर असायचे.

नाव आणि पद्धत तेवढी उरून माणसं बदलली की ती श्रद्धा पुरी पडत नाही. आळंदीचंच पाहा. मूळ संस्थेचा वारसा मोठा. पण तिच्या भोवतीने गावात अनेक लहान खासगी निवासी संस्था निघाल्या. भाड्याच्या दोन-तीन खोल्यांत लांबच्या जिल्ह्यांतली दहा-बारा वर्षांची मुलं राहू लागली. अलीकडच्या वर्षांत त्यांपैकी काही ठिकाणी मुलांवरील अत्याचाराचे गुन्हे नोंदले गेले, आणि २०२५च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगापासून जिल्हा प्रशासनापर्यंत साऱ्यांना या संस्थांची पाहणी आणि नोंदणीची तपासणी हाती घ्यावी लागली. यात वारकरी परंपरेला दोष देणं अन्यायाचं होईल. तिच्यातल्याच अनेकांनी याविरुद्ध आवाज उठवला. दोष त्या रचनेत होता, जिथे मूल, त्याचं जेवण, त्याची झोपायची जागा आणि त्याचा फोन हे सगळं एकाच माणसाच्या हातात होतं आणि त्या माणसावर देखरेख ठेवणारं कुणीच नव्हतं.

अपघातांच्या बाजूने आपण जे शिकलो ते फार मोठी किंमत मोजून. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली आणि ४४२ माणसं गेली, त्यांत बहुसंख्य मुलं. बाहेर पडायला वाट अपुरी होती. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी समुद्राने नेले. ऑक्टोबर २०२३मध्ये कासारवाडीच्या महापालिकेच्या जलतरण तलावात क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्यांना श्वास घेता येईना, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. प्रत्येक वेळी चौकशी होते, कुणीतरी निलंबित होतं, पुढच्या हंगामात सहली पुन्हा निघतात.

उत्सवाच्या बाबतीत तर आपण वयाचा साधा प्रश्नही न्यायालयात नेऊन सोडवला. दहीहंडीत सर्वांत वरच्या थरावर हलकं मूल हवं म्हणून सात-आठ वर्षांची पोरं चढवली जात. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्यांना मनाई आणि वीस फुटांची मर्यादा घातली. वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन परतला आणि २०१७ साली चौदा वर्षांची अट राहिली, उंचीची मर्यादा गेली. या सगळ्या काळात जी चर्चा रंगली ती परंपरा विरुद्ध न्यायालय अशी. पोराच्या कमरेला दोर होता का, खाली गादी होती का, जवळचं रुग्णालय कुठलं, हे तपशील त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारले.

कायद्याचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. भारताने बालहक्क संहितेला १९९२ साली मान्यता दिली. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून चाईल्डलाइन निघाली आणि १०९८ हा क्रमांक हळूहळू देशभर पोचला. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींहून किंचित जास्तच निघालं. 'मुलगाच तर आहे, त्याला काय होतंय' म्हणत पोराला तालमीत, वसतिगृहात, शिबिराला निर्धास्त पाठवणाऱ्या समाजाने हा आकडा कधी नीट वाचलाच नाही.

१४ नोव्हेंबर २०१२पासून मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू झाला. त्यातली एक तरतूद मंडळांच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंत जाते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. २०२०च्या नियमांनी आणखी पुढे जाऊन, मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी असं सांगितलं. शाळा आणि पाळणाघरं यांच्या जोडीला क्रीडा अकादमी हा शब्दही त्यात स्पष्ट आहे. आपल्या गल्लीतली कराटे अकादमी त्यात येते.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? 'मिटवून टाकू', 'मुलीच्याच नावाची चर्चा होईल', 'ऐन गणपतीत मंडळाची बदनामी नको', 'आपल्यातलाच आहे, समज देऊ'. ही वाक्यं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. पण त्या माणसाला समज देऊन सोडलं की तो दुसऱ्या वस्तीत दुसरा वर्ग काढतो. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूरला लोक रेल्वेरुळांवर उतरले, त्या रागात आईबापांना तक्रार नोंदवण्यासाठी जे ताटकळावं लागलं त्याचा वाटा मोठा होता. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि लोकांचा राग तिथेच निवला. संस्थाचालकांवर वेळेत न कळवल्याबद्दल वेगळा गुन्हा दाखल झाला होता, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. माझ्या मते शिकण्यासारखं जे होतं ते तिथे होतं. शाळांसाठी सखी-सावित्री समित्यांचा शासन निर्णय २०२२चाच आहे. मंडळांसाठी, क्लासेससाठी तेवढंही नाही.

बाहेरच्या जगातही ही समज सुखासुखी आली नाही. इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बे इथे साहसी सहलीतली चार मुलं समुद्रात गेली, तेव्हा दोन वर्षांत अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. २००२ साली सोहॅममध्ये दोन मुलींचा खून करणारा माणूस शाळेचा केअरटेकर निघाला. त्याच्यावरचे आधीचे आरोप दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे पडून होते, शाळेपर्यंत पोचलेच नव्हते. तिथली आजची पडताळणीची व्यवस्था त्यातून घडली. अमेरिकेच्या बॉय स्काउट्सने तर संशयित स्वयंसेवकांच्या फायली अनेक दशकं गुप्त ठेवल्या होत्या. २०२० साली संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दावा मांडणाऱ्यांची संख्या ८२,०००च्या वर गेली. माहिती होती, पण ती संस्थेचं नाव वाचवायला वापरली गेली, मुलांना वाचवायला नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ ते २०१७ या काळात शाही आयोग नेमून चर्चपासून क्रीडा क्लबपर्यंत साऱ्यांची झाडाझडती घेतली.

या अनुभवांतून विचारांच्या काही वाटा तयार झाल्या. पहिली वाट मुलाला शिकवण्याची: चांगला स्पर्श, वाईट स्पर्श, 'नाही' म्हणा, पळा, सांगा. चाईल्डलाइनची 'कोमल' ही चित्रफीत आपल्या अनेक शाळांत दाखवली गेली. मुंबईच्या 'अर्पण'सारख्या संस्थांनी हे शिक्षण फार जाणतेपणाने पोचवलं. दुसरी वाट कडक शिक्षेची. तिसरी संस्थेची रचनाच अशी बदलण्याची की संधीच मिळू नये. चौथी मुलांना विचारण्याची, म्हणजे त्यांच्या सोयी-गैरसोयीबद्दल त्यांचं मत नियमित घेण्याची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ साली मांडलं की अत्याचार घडण्याआधी चार अडथळे ओलांडले जातात: आधी करणाऱ्याची प्रवृत्ती, मग त्याच्या मनाचा धाक, मग बाहेरची आडकाठी, आणि शेवटी मुलाचा प्रतिकार. आपण सारा भार या शेवटच्या अडथळ्यावर टाकला आहे, सर्वांत लहान, सर्वांत अशक्त खांद्यांवर. मुलाला शिकवायला हवंच. पण आठ वर्षांच्या पोरीने 'नाही' म्हणण्यावर पन्नाशीतल्या अध्यक्षांनी विसंबून राहावं, हे मला मान्य नाही. बाहेरची आडकाठी उभी करणं हे मोठ्यांचं काम आहे, आणि पुस्तकाने आपला मुक्काम तिथेच केला आहे.

ही आडकाठी काय असते ते इथल्या माणसांना नव्याने सांगायला नको. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. पूर्वी पॉवर प्रेसचं पेडल पायाने दाबलं की रॅम खाली यायचा आणि क्षणभर लक्ष चुकलं की बोटं जायची. मग मशीनला दोन बटणं आली, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम हलत नाही, म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाही. ऑपरेटर किती जुना, किती भला, हा प्रश्नच उरत नाही. आणि ती बटणं आपल्यावरच्या अविश्वासापोटी बसवली असं कुठलाही शहाणा ऑपरेटर म्हणत नाही. बोट थोडक्यात वाचलं तरी 'नियर मिस' म्हणून नोंद होते. दर वर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो, शपथ होते. तोच कामगार रविवारी मंडळाचा कार्यकर्ता म्हणून साठ मुलांना घेऊन लोहगडावर निघतो, तेव्हा त्याच्याजवळ मुलांच्या नावांची यादीसुद्धा नसते.

कारखान्यात जे अंगवळणी पडलं ते वस्तीत का आणू नये, हा या पुस्तकाचा गाभा आहे. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड कधीच नाही. किमान दोन मोठी माणसं, आणि मुली असतील तर त्यांत एक बाई. खोलीला काच किंवा उघडं दार. मूल घेऊन जायला कोण येणार ते आधी लिहून घेतलेलं. प्रशिक्षकाने मुलांना खासगी मेसेज करायचा नाही, पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. विसर्जन घाटावर पोहणारा माणूस आणि दोर. ढोलाचा पट्टा कमरेला आवळून लहान मुलाला तासन्तास उभं करायचं नाही, आणि कानांची काळजी घ्यायची. आणि 'नियर मिस'ची वही: बसथांब्यावर मूल मागे राहिलं आणि अर्ध्या तासाने सापडलं, एखाद्या सरांनी मुलाला एकट्याला गाडीवरून घरी सोडलं, एखादी मुलगी अचानक क्लासला यायची बंद झाली. 'काही झालं नाही ना, मग सोड' म्हणून विसरल्या जाणाऱ्या या गोष्टी लिहून महिन्याला एकदा वाचायच्या. मुलांशी त्याबद्दल बोलायचं, कारण कुठल्या कोपऱ्यात भीती वाटते हे त्यांनाच आधी कळतं.

एक आक्षेप मी वारंवार ऐकला आहे आणि तो हलका नाही. इतके नियम केले तर फुकट वेळ देणारा माणूस येईल कशाला? घरकुलातल्या अभ्यासिकेत शिकवणारा बी.ए.चा मुलगा पोलीस पडताळणीच्या कागदांना घाबरून शिकवणं सोडेल, आणि मग मुलं रस्त्यावर राहतील. तो धोका मोठा नाही का? खरं आहे. सगळे दरवाजे बंद करून मुलं सुरक्षित होत नाहीत, ती एकटी पडतात. इंग्लंडमध्येही पडताळणीच्या अतिरेकावर टीका झाली आणि नियम नंतर सैल करावे लागले. म्हणून पुस्तकाने नियमांना क्रम लावला आहे. पैसा न लागणारे, आज रात्रीपासून करता येणारे आधी; कागदपत्रांचे नंतर; आणि वस्तीतल्या अभ्यासिकेला निवासी संस्थेइतका भार दिलेला नाही. शिवाय एक बाजू नेहमी विसरली जाते. दोन माणसांचा नियम निर्दोष शिक्षकालाही खोट्या आळापासून वाचवतो. हे समजल्यावर अनेक प्रशिक्षक स्वतःहून दार उघडं ठेवू लागतात.

पुस्तक सगळं सांगत नाही. दिव्यांग मुलांसाठी वेगळा, सविस्तर विचार हवा. मोबाइलवरचे गेमिंग गट आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची मंडळांची हौस यावर जेमतेम एक प्रकरण आहे. चाकणच्या लेबर कॅम्पांतल्या, मराठी न बोलणाऱ्या मुलांपर्यंत पोचायला याचा हिंदी अवतार लागेल, आणि तो लवकर निघावा अशी माझी लेखकांना विनंती आहे. जे आहे ते मात्र वापरायच्या बेताने लिहिलं आहे. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. सहल काढणाऱ्याने सहलीचं वाचावं, पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी त्यांचं.

जून-जुलैत मंडळांच्या बैठका सुरू होतात, वर्गणीचे आकडे ठरतात, पावतीपुस्तकं छापायला जातात. त्याच बैठकीत परिशिष्टातला एक पानाचा तक्ता भरावा. त्यात पाचच रकाने आहेत: मुलांची यादी कुणाकडे, मुलांबरोबर कोणती दोन माणसं, बाहेर पडायची वाट कोणती, दवाखाना आणि गाडी कुठली, आणि काही खटकलं तर मुलाने, पालकाने, कार्यकर्त्याने कुणाला सांगायचं. शेवटच्या रकान्यात मंडळाबाहेरच्या एका व्यक्तीचं नाव असलंच पाहिजे, आणि तो तक्ता मांडवात, देणगीदारांच्या फलकाशेजारी, मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर लावायचा आहे.